वेबच्या दर्शनी बाजूची घडण

वेबचे पान मुळात वाचण्यासाठी केलेले होते. रेल्वेचे आरक्षण, बँकेचा व्यवहार, बोटाने सरकणारा नकाशा हे सगळे पुढे त्याच पानावर येऊन बसले. प्रत्येक नवी गरज भागवण्यासाठी एखादी भाषा किंवा साधन तयार झाले, बहुधा घाईत, आणि एकदा वापरात आलेली गोष्ट तिथून सहसा हलली नाही. वेबची दर्शनी बाजू अशी थरावर थर चढून बनली आहे. खालचा थर काढून टाकण्याची सोय तिच्यात नाही, आणि तिच्यातल्या बहुतेक विसंगतींचे मूळ यातच आहे.

स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जिनिव्हाजवळ असलेल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन केंद्रात जगभरचे शास्त्रज्ञ येत, काही काळ काम करत आणि परत जात. कोणती माहिती कोणत्या संगणकावर आहे हे ज्ञानही त्यांच्याबरोबर निघून जाई. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये दिलेला प्रस्ताव या अडचणीवरचा होता. १९९० च्या अखेरीस त्यांचा पहिला ब्राउझर नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर चालू लागला. त्यात पान वाचता येई आणि तिथल्या तिथे दुरुस्तही करता येई. लिहिण्याची ही सोय पुढच्या ब्राउझरांनी सोडून दिली. पानाची भाषा एचटीएमएल. तिचा साचा एसजीएमएल या दस्तऐवजांवर खुणा करण्याच्या जुन्या पद्धतीवरून घेतलेला होता. १९९१ मधल्या यादीत जेमतेम १८ टॅग दिसतात: शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा असे. रंग, अक्षराचा आकार, रकाने यांच्यासाठी काहीच नव्हते. अमुक ओळ शीर्षक आहे एवढे लेखकाने सांगायचे, ती कशी दाखवायची हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचे. सर्नमध्ये नाना तऱ्हेचे संगणक होते, तेव्हा हे धोरण शहाणपणाचेच होते. निकोला पेलो या विद्यार्थिनीने लिहिलेला ब्राउझर तर नुसती अक्षरे दाखवणाऱ्या साध्या टर्मिनलवरही चाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सारे तंत्र जगाला विनामूल्य खुले केले.

त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संगणन केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझेक हा ब्राउझर तयार केला. मजकुराच्या मधोमध चित्र दाखवणारा टॅग अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये सुचवला. इतरांनी अधिक व्यापक पर्याय पुढे केले, चर्चा झाली. पण चर्चा निकाली निघण्याआधीच मोझेक बाहेर पडला होता आणि लोक त्यात चित्रे पाहत होते. वादात कोण बरोबर होते हा प्रश्न तिथेच संपला. जो आधी वापरात आणतो त्याचे प्रमाण ठरते, हा वेबवरचा अलिखित नियम इथून सुरू झाला.

१९९३ मध्येच फॉर्म आले. नाव लिहायची चौकट, निवडीची गोल बटणे, शेवटी 'सबमिट' अशी ही पहिली खरी देवाणघेवाण होती. तिचे सगळे काम मात्र सर्व्हरवर चाले. फॉर्म भरून पाठवायचा, तिकडे एखादा प्रोग्राम तो वाचणार, नवे आख्खे पान तयार करून परत पाठवणार. पिनकोडचा एक आकडा चुकला तरी पूर्ण फेरी. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडलेल्या घरात ही फेरी चांगलीच जाणवे.

अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्यासह १९९४ मध्ये नेटस्केप ही कंपनी काढली. डिसेंबर १९९४ मध्ये तिचा नेव्हिगेटर आला आणि वर्षभरात बहुतेक लोक वेब त्यातूनच पाहू लागले. पानाने काही हालचाल करावी, निदान फॉर्ममधली चूक पाठवण्याआधी दाखवावी, यासाठी ब्राउझरमध्येच चालणारी भाषा हवी होती. एप्रिल १९९५ मध्ये ब्रेंडन आइक नेटस्केपमध्ये रुजू झाले ते ब्राउझरमध्ये स्कीम ही भाषा बसवण्याच्या आशेने. स्कीम ही लिस्पच्या कुळातली, कंसांनी भरलेली, देखणी पण अभ्यासकांची भाषा. दरम्यान सन मायक्रोसिस्टिम्सशी जावाबद्दल बोलणी चालू होती, आणि नवी भाषा दिसायला जावासारखी असावी असा व्यवस्थापनाचा आग्रह होता. जावा पुरेशी असताना दुसरी भाषा कशाला, असे म्हणणारेही कंपनीत होते. त्यांना उत्तर द्यायचे तर चालणारा नमुना समोर ठेवणे भाग होते. आइक यांनी तो मे १९९५ मध्ये दहा दिवसांत लिहिला. फंक्शन स्वतः एक मूल्य असते ही कल्पना स्कीमची, वर्गाऐवजी एका वस्तूवरून दुसरी वस्तू बेतण्याची पद्धत सेल्फ या भाषेची, आणि वरचा पेहराव जावाचा. भाषेचे आतले नाव मोका होते, नंतर लाइव्हस्क्रिप्ट झाले, आणि डिसेंबर १९९५ मध्ये सनबरोबरच्या संयुक्त घोषणेत जावास्क्रिप्ट. नावामागे बाजारपेठेचा हिशेब होता. दोन भाषांचे नाते नावापुरतेच आहे, हे नवख्यांना समजावून सांगण्यात तेव्हापासून शिक्षकांचा बराच वेळ गेला आहे.

दहा दिवसांच्या घाईचे वळ भाषेवर राहिले. काहीही नसणे दाखवणाऱ्या 'नल' या मूल्याचा प्रकार विचारला तर जावास्क्रिप्ट 'ऑब्जेक्ट' असे उत्तर देते. पहिल्या अंमलबजावणीत प्रत्येक मूल्याबरोबर त्याच्या प्रकाराची छोटी खूण ठेवलेली असे. ऑब्जेक्टची खूण शून्य होती आणि नल म्हणजे सगळी शून्येच, म्हणून ही गल्लत झाली. ती दुरुस्त करण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा असे दिसले की चुकीच्या उत्तरावर विसंबून चालणारी पाने अस्तित्वात आहेत. प्रस्ताव मागे पडला. चूक आज भाषेच्या प्रमाण वर्णनाचा भाग आहे.

मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट १९९६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत जेस्क्रिप्ट नावाने तीच भाषा आणली. एकाच भाषेच्या दोन बोली होऊ नयेत म्हणून नेटस्केपने ती जिनिव्हातल्या एक्मा या प्रमाणसंस्थेकडे सोपवली. जून १९९७ मध्ये पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले ते एक्मास्क्रिप्ट या नावाने, कारण जावास्क्रिप्ट हे नाव सनची व्यापारमुद्रा होते. सन विकत घेतल्यावर ती मुद्रा ओरॅकलकडे गेली. भाषेचे प्रमाण राखणारी समिती टीसी३९ या रुक्ष नावाने ओळखली जाते.

दिसण्याचा प्रश्न याच काळात वेगळ्या वाटेने चालला होता. होकन विउम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्नमध्ये असताना, मजकूर एका ठिकाणी आणि सजावटीचे नियम दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची पद्धत सुचवली. नेदरलंड्सचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. लेखकाचे नियम, वाचकाचे नियम आणि ब्राउझरचे मूळ नियम एकत्र यावेत आणि त्यांत कोणाचे चालावे हे ठरावीक क्रमाने लागावे, हा या पद्धतीचा गाभा. सीएसएस या नावाने या पद्धतीची पहिली आवृत्ती १७ डिसेंबर १९९६ रोजी प्रमाण झाली. नेटस्केपला मात्र सजावट जावास्क्रिप्टमधूनच करावी असे वाटत होते. त्यांच्या चौथ्या आवृत्तीत सीएसएस आतून जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होई, त्यामुळे जावास्क्रिप्ट बंद केले की पानाचा रंगही उडे.

प्रमाणाची वाट पाहायला रेखाटनकार तयार नव्हते. मासिके आणि जाहिराती मांडण्यात मुरलेल्या या लोकांना रकाने हवे होते, आणि एचटीएमएलमध्ये रकान्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट होती: आकडेवारी मांडण्याचा तक्ता. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ मधल्या पुस्तकाने कडा न दिसणारे तक्ते एकात एक घालून पान रचण्याची रीत लोकप्रिय केली. मोकळी जागा सोडायला एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र ताणायचे. अंध वाचकांसाठी पान मोठ्याने वाचून दाखवणारी साधने या तक्त्यांत अडखळत. वर्षभरातच सीगल यांनी लेख लिहून वेबचे वाटोळे आपणच केले असे कबूल केले; पण तक्त्यांची पाने पुढे जवळजवळ दहा वर्षे लिहिली जात राहिली. ब्राउझरवाल्यांचेही भान सुटले होते. नेटस्केपने लुकलुकणारा मजकूर दिला, मायक्रोसॉफ्टने सरकता दिला, आणि तो सरकता मजकूर भारतातल्या सरकारी संकेतस्थळांवर 'न्यू' असे लिहून अगदी अलीकडेपर्यंत सरकत होता.

१९९७ मध्ये दोन्ही ब्राउझरांची चौथी आवृत्ती आली आणि पान लोड झाल्यानंतरही त्यातला मजकूर जावास्क्रिप्टने हलवता, लपवता, बदलता येऊ लागला. पण दोघांच्या रीती वेगळ्या. एक साधा उघडमिट होणारा मेनू करायचा तर त्याचा कोड दोनदा लिहावा लागे आणि आधी कोणता ब्राउझर आहे ते ओळखावे लागे. पानाची झाडासारखी रचना आणि तिच्यापर्यंत पोचण्याच्या आज्ञा यांचे प्रमाण, म्हणजे डॉम, ऑक्टोबर १९९८ मध्ये आले. तोवर नेटस्केप हरत आली होती. मार्च १९९८ मध्ये तिने आपला कोड मोझिला या नावाने खुला केला आणि पुढच्या वर्षी कंपनी एओएलच्या मालकीची झाली.

त्या लढाईतला एक तपशील थांबून पाहण्याजोगा आहे. चौकटीची रुंदी मोजताना प्रमाण सांगे की ती फक्त आतल्या मजकुराची. भोवतालची मोकळी जागा आणि कडेची रेघ वेगळी मिळवायची. इंटरनेट एक्सप्लोरर या दोन्ही गोष्टी रुंदीतच धरे. प्रमाणाप्रमाणे वागायचे ठरवले तेव्हा चुकीच्या मोजमापावर बेतलेली असंख्य पाने मोडतील हे मायक्रोसॉफ्टच्या लक्षात आले. मार्च २००० मध्ये मॅकसाठी निघालेल्या पाचव्या आवृत्तीत टॅन्टेक सेलिक यांच्या चमूने तोड काढली. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत दस्तऐवजाचा प्रकार नीट लिहिला असेल तर प्रमाणाप्रमाणे वागायचे, नसेल तर जुन्या खोडीसकट दाखवायचे. सगळ्याच ब्राउझरांनी ही दुहेरी वागणूक उचलली आणि ती अजून चालू आहे. गंमत पुढेच आहे. काही वर्षांनी रेखाटनकारांच्या ध्यानात आले की मायक्रोसॉफ्टचे 'चुकीचे' मोजमापच व्यवहारात सोयीचे होते. सीएसएसमध्ये ते निवडण्याचा पर्याय आला, आणि आज बहुतेक नव्या संकेतस्थळांच्या सजावटीचा कोड त्या एका ओळीनेच सुरू होतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांपुढे वेगळीच अडचण होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण वाचकाच्या संगणकाला जोडाक्षरे जुळवता येत नव्हती. मराठी वृत्तपत्रे आपापल्या फाँटमध्ये पाने काढत. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. वाचकाने तो फाँट उतरवून घ्यायचा, नाहीतर पानाबरोबर आपोआप येणाऱ्या 'डायनॅमिक' फाँटवर भिस्त ठेवायची. आणि त्याचेही नेटस्केपसाठी एक रूप, मायक्रोसॉफ्टसाठी दुसरे. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांची निरर्थक ओळ हाती येई, शोधयंत्राला तर त्या पानावर मराठी आहे हेही कळत नसे. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फाँट आला. तो मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचलेला होता. तिथून चित्र पालटू लागले. पानासोबत फाँट पाठवण्याची सीएसएसमधली आज्ञा १९९८ चीच. तिला सर्वमान्य फाइलप्रकार मिळाला तो डब्ल्यूओएफएफच्या रूपाने, २०१२ मध्ये प्रमाण होऊन. मग मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू यांसारखे खुले फाँट सर्रास दिसू लागले. पानाची भाषा मराठी असे एचटीएमएलमध्ये नोंदवले तर काही फाँट ल आणि श यांची हिंदी वळणाची रूपे बाजूला ठेवून मराठी वळणाची रूपे देतात; ही नोंद करायला मराठी संकेतस्थळेही पुष्कळदा विसरतात.

नेटस्केप संपल्यावर वापरणाऱ्यांपैकी दहात नऊहून अधिक लोक इंटरनेट एक्सप्लोररवर होते. २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली, आणि सातवी यायला २००६ चा ऑक्टोबर उजाडला. स्पर्धक नसल्यावर सुधारणेची निकड कुणाला वाटणार? या पोकळीत फ्लॅश फोफावले. जोनाथन गे यांच्या फ्यूचरस्प्लॅश या चित्रचलनाच्या साधनातून ते निघाले, मॅक्रोमीडियाने वाढवले, २००५ मध्ये ॲडोबीकडे गेले. खेळ, व्हिडिओ, हलती मुखपृष्ठे हे सारे फ्लॅशमध्येच होई. पण फ्लॅशचा तुकडा पानात बसवलेली बंद पेटी होता. त्यातला मजकूर ना शोधता येई, ना उचलता. ॲपलने आयफोनवर ते कधीच येऊ दिले नाही, आणि स्टीव्ह जॉब्स यांनी एप्रिल २०१० मध्ये त्याची कारणे जाहीर लिहिली. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅश बंद केले. वेबच्या इतिहासात एवढा मोठा थर उचलून टाकला गेल्याचे हे विरळा उदाहरण. तो ब्राउझरचा भाग नव्हता, बाहेरून जोडलेला होता, म्हणूनच ते जमले.

वेबला पुढची कलाटणी मिळाली ती मायक्रोसॉफ्टच्याच एका दुर्लक्षित सोयीमुळे. ब्राउझरमधून ईमेल वाचण्याच्या आउटलुकच्या आवृत्तीसाठी तिथल्या चमूला पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवायची होती. त्यांनी लिहिलेला घटक मार्च १९९९ मध्ये पाचव्या एक्सप्लोररबरोबर बाहेर पडला. एक्सएमएल या माहिती मांडण्याच्या भाषेशी त्याचा संबंध जेमतेमच. पण त्या वेळी ब्राउझरबरोबर जाण्याची संधी एक्सएमएलच्या संचालाच होती, म्हणून नावात एक्सएमएल घातले आणि त्या संचात तो घुसवला. मोझिलाने त्याची नक्कल केली. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आणि गूगलचा नकाशा फेब्रुवारी २००५ मध्ये आला, तेव्हा पान ताजे न करता पुढचे दृश्य सरकत येताना लोकांनी पाहिले. त्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिले. तंत्र सहा वर्षे जुने होते. नाव मिळाल्यावर वर्षभरात सगळीकडे पसरले.

आता पानात खूप जावास्क्रिप्ट लिहायचे होते आणि ब्राउझरांची भांडणे तशीच होती. नोव्हेंबर २००४ मध्ये मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरची पहिली आवृत्ती आल्याने स्पर्धा पुन्हा सुरू झाली, म्हणजे सांभाळायचे फरकही वाढले. ते पोटात घेणाऱ्या लायब्रऱ्या २००५ आणि २००६ मध्ये निघाल्या: प्रोटोटाइप, डोजो, याहूची वायुआय, मूटूल्स. सगळ्यांवर मात केली ती जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीने. जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेळाव्यात त्यांनी ती दाखवली. पानातला भाग शोधायला तिने सीएसएसचीच खूण वापरली, जी रेखाटनकारांना आधीपासून येत होती, आणि सापडलेल्या भागावर एकापुढे एक क्रिया साखळीसारख्या लिहू दिल्या. प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही दोन ओळींत मेनू उघडता येऊ लागला. जेक्वेरीची आणखी एक सभ्यता होती: ती ब्राउझरच्या मूळ वस्तूंना हात लावत नसे. प्रोटोटाइप आणि मूटूल्स त्या वस्तूंवर आपली फंक्शने चढवत. या फरकाची किंमत वेबने बारा वर्षांनी मोजली.

प्रमाण ठरवण्याच्या आघाडीवर फूट पडली होती. डब्ल्यू३सी या संस्थेला एचटीएमएल गुंडाळून शिस्तीची, जुन्या पानांशी न जुळणारी एक्सएचटीएमएल २ आणायची होती. ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांना चालू वेब सुधारायचे होते. जून २००४ च्या बैठकीत त्यांचे म्हणणे फेटाळले गेले, तेव्हा त्यांनी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा स्वतंत्र गट काढला. त्या गटाने केलेले सर्वात मोलाचे काम फारसे कोणी सांगत नाही. चुकीचे लिहिलेले एचटीएमएल सर्व ब्राउझरांनी नेमके कसे वाचायचे हे त्यांनी पायरीपायरीने लिहून काढले. चुकांनाही प्रमाण मिळाले. व्हिडिओ, चित्रफलक, नवे फॉर्म हे सगळे एचटीएमएल५ या नावाखाली आले आणि डब्ल्यू३सीने ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यावर शिक्का मारला. २०१९ मध्ये तिने एचटीएमएलची सूत्रे रीतसर त्या गटाकडे सोपवली.

जावास्क्रिप्टच्या समितीतही असाच झगडा झाला. चौथी आवृत्ती मोठी, मूल्यांचे प्रकार जाहीर करू देणारी भाषा होणार होती. २००८ मध्ये ती सोडून दिली गेली आणि लहान पावलांनी जायचे ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने क्रोम ब्राउझर आणला. त्यातले व्ही८ हे इंजिन लार्स बाक यांच्या चमूने डेन्मार्कमधल्या ऑर्हूस येथे बांधले होते. जावास्क्रिप्ट मंद असते हा समज त्याने मोडीत काढला. २००९ मध्ये रायन डाल यांनी तेच इंजिन ब्राउझरबाहेर काढून नोड केले. नोड सर्व्हरसाठी होते. दर्शनी बाजू बांधणाऱ्यांना मात्र त्यातून कारखाना मिळाला. कोड तपासणे, जोडणे, आवळणे ही कामे करणारी साधने जावास्क्रिप्टमध्येच लिहिता आली, आणि एनपीएम या भांडारातून एका आज्ञेत मिळू लागली. परावलंबनही तितकेच वाढले. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने नावाच्या वादातून आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारे ११ ओळींचे एक पॅकेज होते. ते गायब होताच जगभरची बांधकामे अडली, आणि भांडाराने त्याच्या मर्जीविरुद्ध ते परत ठेवले.

मोठी पाने बांधताना जेक्वेरी अपुरी पडे, आणि त्याचे कारण फेसबुकच्या एका दोषात नीट दिसते. वर 'एक न वाचलेला निरोप' असे दिसे, उघडून पाहावे तर निरोप नाहीच. एकच आकडा पानावर तीन ठिकाणी होता आणि प्रत्येक ठिकाण वेगळा कोड बदलत होता, कोणीतरी विसरे. बॅकबोन, नॉकआउट, गूगलची अँग्युलरजेएस, एम्बर या २०१० च्या आगेमागे आलेल्या साधनांनी माहिती आणि दृश्य वेगळे ठेवून त्यांची गाठ मारून द्यायचा प्रयत्न केला. फेसबुकमधल्या जॉर्डन वॉकी यांचा मार्ग अधिक धाडसी होता. दृश्यातला कोणता तुकडा बदलायचा हे प्रोग्रामरने सांगूच नये. अमुक स्थिती असेल तर आख्खे दृश्य कसे असेल एवढेच लिहावे. स्थिती बदलली की लायब्ररी पूर्ण दृश्याचा नवा आराखडा स्मृतीत तयार करते, जुन्याशी ताडून पाहते आणि फरक असेल तेवढाच पानावर उतरवते. रिॲक्ट नावाची ही लायब्ररी मे २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या परिषदेत खुली झाली तेव्हा सभागृहातली प्रतिक्रिया थंड, काहीशी टवाळखोर होती. जावास्क्रिप्टच्या पोटात एचटीएमएलसारखे टॅग लिहिणे हे लोकांना वीस वर्षांच्या शिस्तीचे उल्लंघन वाटले. मजकूर, सजावट आणि वर्तन वेगळे ठेवा असे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगत आले होते. रिॲक्टचे म्हणणे असे की बटणाचे रूप आणि बटणाचे वागणे ही एकाच घटकाची अंगे आहेत, त्यांना तीन फायलींत विखुरण्यात शिस्त कसली? दोनतीन वर्षांत बहुतेक टीकाकार वापरकर्ते झाले. २०१४ मध्ये इव्हान यू यांनी व्ह्यू हे असेच साधन आणले. अँग्युलरने सप्टेंबर २०१६ मध्ये जुन्याशी न जुळणारी दुसरी आवृत्ती काढली आणि अनेक जुने अनुयायी गमावले. अशा साधनाला तोडून पुढे जाता येते, ब्राउझरला नाही.

रिच हॅरिस तेव्हा गार्डियन या वृत्तपत्रात होते. त्यांनी २०१६ मध्ये स्वेल्ट हे साधन आणताना रिॲक्टच्या ताडून पाहण्यावरच शंका घेतली. काय बदलू शकते हे कोड लिहितानाच दिसत असेल, तर तो हिशेब आधीच करून ठेवावा आणि वाचकाच्या फोनवर नेमका तेवढाच कोड पाठवावा. स्वस्त फोन आणि क्षीण नेटवर्क असलेल्या देशांत या मुद्द्याला वजन आहे. दुसरीकडे पान पुन्हा सर्व्हरवर तयार करून पाठवण्याची रीत परतली, रिॲक्टवाल्यांतही. १९९३ ची फेरी अधिक हुशार होऊन आली असे म्हणता येईल.

मांडणीला न्याय मिळायला सर्वात उशीर लागला. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी एकच पान संगणकावर आणि फोनवर कसे वळवायचे ते दाखवले. त्याच्या पुढच्या वर्षी ट्विटरमधून बूटस्ट्रॅप हा तयार रचनेचा संच बाहेर पडला. तरी रकाने पाडायला मूळ सीएसएसमध्ये सरळ सोय नव्हतीच. ग्रिड ही खरी रकान्यांची पद्धत मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत एका महिन्याच्या आत उतरली. सीगल यांच्या तक्त्यांना प्रमाण पर्याय मिळायला २१ वर्षे गेली.

बाहेरच्या साधनांनी दाखवलेल्या सोयी ब्राउझर हळूहळू स्वतः शिकत गेला. जेक्वेरीची निवडीची खूण मूळ आज्ञांत आली, कॉफीस्क्रिप्ट या भाषेची आटोपशीर फंक्शने २०१५ च्या एक्मास्क्रिप्टमध्ये आली, सास या साधनातल्या चलांचा आणि एकात एक नियमांचा अवतार सीएसएसमध्ये दिसू लागला. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने २०१८ मध्ये आणि बूटस्ट्रॅपने २०२१ मध्ये जेक्वेरी काढून टाकली. पण नवे शिकताना जुन्याला धक्का लागू नये ही अट कायम होती. यादीतल्या याद्या सपाट करणाऱ्या फंक्शनला टीसी३९ 'फ्लॅटन' हे साहजिक नाव देणार होती. मार्च २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते येताच एक जुने संकेतस्थळ मोडले. मूटूल्सने त्याच नावाचे आपले फंक्शन मूळ वस्तूवर आधीच चढवून ठेवले होते. एका सदस्याने वैतागून 'स्मूश' हे नाव सुचवले, त्यावर गंभीर आणि विनोदी अशी दोन्ही प्रकारची रणे माजली, आणि २०१९ च्या प्रमाणात ते 'फ्लॅट' या नावाने आले.

प्रकार जाहीर करू देणारी भाषा समितीने २००८ मध्ये नाकारली होती. ती चार वर्षांनी दुसऱ्या दाराने आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट जाहीर केली. तिचे शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग यांनी त्याआधी टर्बो पास्कल आणि सी शार्प घडवल्या होत्या. गूगलची डार्ट ही भाषा जावास्क्रिप्टची जागा घ्यायला निघाली होती. टाइपस्क्रिप्टचा बेत साधा होता: जावास्क्रिप्ट आहे तसे ठेवायचे, वर प्रकारांच्या खुणा लिहायच्या, चुका लिहितानाच पकडायच्या आणि शेवटी खुणा पुसून ब्राउझरला साधे जावास्क्रिप्टच द्यायचे. अँग्युलरने ती स्वीकारली, मग इतरांनी. मोठ्या चमूंत आता तिच्याशिवाय काम सहसा सुरू होत नाही. तिच्या खुणा ब्राउझरने वाचाव्यात आणि टिपेसारख्या सोडून द्याव्यात, म्हणजे पुसण्याची पायरीच नको, असा प्रस्ताव २०२२ मध्ये टीसी३९ पुढे आला. समितीने तो विचारार्थ पहिल्या टप्प्यात घेतला.